आखडलेला खांदा: जोर कधी लावायचा आणि कधी अजिबात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दहा वर्षांपासून मधुमेह. पाच महिन्यांपूर्वी उजवा खांदा दुखायला लागला. आता फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. एका ठिकाणी बारा दिवस फिजिओथेरपी घेतली. तिथे हात धरून जोरात वर ढकलायचे, आई रडायच्या, आणि दुखणं उलट वाढलं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'सुप्रास्पायनेटस स्नायूबंधाला पार्शल टेअर' असं आलंय, म्हणजे खांद्याच्या एका स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला अर्धवट फाट. एक डॉक्टर म्हणतात इंजेक्शन घ्या, दुसरे म्हणतात भूल देऊन खांदा मोकळा करू, आणि मामा म्हणतात कोल्हापूरला एक जण आहे, दोन मिनिटांत खांदा बसवून देतो. काय करायचं, आणि हे बरं कधी होणार?

मामांपासून सुरुवात करते, कारण मीही कोल्हापुरातच २४ वर्षं फिजिओथेरपी करतेय. हे तालमींचं गाव. मल्लाचा खांदा निखळला की वस्तादांनी तो जागेवर बसवायचा, ही इथली जुनी रीत. त्यामुळे खांदा दुखतो म्हटलं की पुढचा शब्द 'बसवून घे' हाच येतो. पण आईंचा खांदा निखळलेलाच नाही. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत जिथे हवा तिथेच आहे. आखडलंय ते त्याच्याभोवतीचं आवरण, आणि ते झटक्याने 'बसत' नाही. फार तर फाटतं. त्यात पन्नाशी उलटलेल्या, महिनोन् महिने हात न वापरलेल्या बाईचं हाड थोडं विरळ झालेलं असतं. असा झटका दिल्यावर दंडाचं हाडच मोडलं, असा एक्स-रे मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिलाय. मामांना राग येणार नाही अशा बेताने नको म्हणा, पण नको म्हणा.

आता हा फ्रोजन शोल्डरच, म्हणजे आवरण आखडलेला खांदाच, आहे का, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. आईंना खुर्चीत ताठ बसवा. दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवायचे, अंगठे वर. मग कोपर बरगडीपासून न सोडता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडायचे, दाराची दोन कवाडं उघडावीत तसे. डावा हात आरामात साठ-सत्तर अंश बाहेर जाईल. उजवा दहा-पंधरा अंशांवर थबकेल. आता आईंना म्हणावं, हात ढिला सोडा, आणि तुम्ही त्यांचं मनगट धरून तोच हात हळूच बाहेर न्यायचा प्रयत्न करा. तुम्ही नेला तरी तिथल्या तिथेच अडत असेल, आणि ते अडणं कातडी पट्टा ताणल्यावर लागतो तसं लागत असेल, तर निदान जवळजवळ पक्कं. स्नायूबंध पूर्ण फाटलेला असतो तेव्हा उलटं होतं: पेशंटला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो वर जातो. या एका चाचणीसाठी यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तरीही ती न करता एमआरआय लिहून देण्याचं प्रमाण बघून मला दर वेळी हसावं की चिडावं ते कळत नाही.

एमआरआयवरच्या त्या 'पार्शल टेअर'ने घाबरू नका. पन्नाशीनंतर ज्यांचा खांदा मुळीच दुखत नाही अशांचा एमआरआय काढला तरी कित्येकांच्या स्नायूबंधात झीज किंवा अर्धवट फाट दिसते. ते वयाचं लक्षण आहे, केस पांढरे होण्यासारखं. आईंना हात मागे नेता येत नाही तो त्या फाटीमुळे नव्हे. या आजारात खरं तर साधा एक्स-रे जास्त उपयोगी, आणि तोही 'सगळं ठीक आहे' हे पाहण्यासाठी: सांधा झिजलेला नाही ना, कॅल्शियमचा खडा साठलेला नाही ना, गोळा मागे सरकून अडकलेला नाही ना. एक्स-रे नॉर्मल, आणि तरी खांदा उघडत नाही, हीच फ्रोजन शोल्डरची ओळख.

आत काय झालंय ते समजलं तर पुढचं सगळं समजेल. खांद्याचा गोळा मोठा आणि खोबणी अगदी उथळ, बशीत लिंबू ठेवावं तशी. म्हणून हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. त्याच्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. जुन्या पद्धतीच्या झब्ब्याच्या बगलेत शिंपी चौकोनी जोड लावायचा ना, हात वर केल्यावर कापड ओढलं जाऊ नये म्हणून, तशीच या पिशवीलाही बगलेत सैल घडी असते. फ्रोजन शोल्डरमध्ये आधी या पिशवीला सूज येते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि नसा उगवतात, म्हणून ती ठणकते. मग ती जाड होते, आकसते, बगलेतली घडी नाहीशी होते. पिशवीचा पुढचा-वरचा कोपरा सगळ्यात आधी आवळतो, आणि हात बाहेर उघडण्यासाठी नेमकी तिथलीच ढिल लागते. म्हणूनच 'कवाड उघडायची' चाचणी सगळ्यात आधी बिघडते.

या दुखण्याला 'फ्रोजन शोल्डर' हे नाव दिलं बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी, १९३४ मध्ये. व्याख्या करायला अवघड, उपचार करायला अवघड आणि समजावून सांगायला अवघड असं हे दुखणं आहे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. नव्वद वर्षांनंतर माझंही मत फार वेगळं नाही. जपानी लोक याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात, आणि आपल्याकडचे वैद्य 'अवबाहुक'. चाळीस ते साठ हे याचं वय, बायकांमध्ये थोडं जास्त, आणि थायरॉइडच्या पेशंटमध्येही जास्त. पण खरा मित्र मधुमेह. सर्वसाधारण लोकांमध्ये शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं. मधुमेहींमध्ये दहा ते वीस जणांना. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की शरीरातल्या कोलॅजनच्या धाग्यांना ती चिकटते, धागे कडक होतात, त्यांचे एकमेकांत टाके पडतात. माझ्याकडे मधुमेही पेशंट आला की मी खांद्याला हात लावण्याआधी त्याला नमस्कार करायला लावते. लोकांना वाटतं बाईंना मान हवाय. मी बघत असते की दोन्ही तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का. बोटांच्या मधे फट राहिली, तर कडकपणा फक्त खांद्यात नाही, आणि हा खांदा वेळ घेणार हे मला त्या क्षणी कळतं. आईंना एकदा नमस्कार करायला सांगून बघा.

आता मुख्य मुद्दा. फ्रोजन शोल्डरचे तीन टप्पे असतात, आणि कुठला उपचार बरोबर हे पेशंट कुठल्या टप्प्यात आहे त्यावरच ठरतं. पहिल्या टप्प्यात दुखणं राजा असतं: बसल्या जागी ठणका, रात्री जास्त, अचानक हात ओढला गेला की डोळ्यांसमोर अंधारी आणणारी कळ. हे दोनपासून नऊ महिन्यांपर्यंत चालतं. दुसऱ्या टप्प्यात ठणका ओसरतो, पण खांदा जाम. मधल्या रेंजमध्ये दुखत नाही, फक्त टोकाला ताणल्यावर दुखतं. हे चार महिने ते वर्षभर. तिसऱ्यात हळूहळू सुटायला लागतो, आणि तेही काही महिने ते दोन वर्षं घेऊ शकतं. टप्प्यांच्या मधे भिंती नसतात, एकातून दुसऱ्यात पेशंट घरंगळत जातो. मी तारखा बघत नाही, एकच प्रश्न विचारते: 'काही न करता, नुसतं बसल्यावर दुखतं का, आणि रात्री झोपमोड होते का?' हो म्हटलं की पहिला टप्पा, मग सहावा महिना असो नाहीतर आठवा. आई अजून पहिल्यातच आहेत.

आणि त्या बारा दिवसांत त्यांच्यावर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा उपचार झाला. सुजलेल्या पिशवीला रोज ओढलं की ती ढिली होत नाही, आणखी चिडते. चिडली की स्नायू आवळून धरतात. आणि पेशंटच्या मनात हात हलवायचीच भीती बसते. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाहीये. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही हेच केलंय. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, मनगटात जोर, आणि पेशंट ओरडला की वाटायचं काहीतरी सुटतंय. इचलकरंजीहून एक काकू यायच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या. आठव्या दिवशी त्या टेबलवर झोपल्या, आणि मी अजून हातही लावला नव्हता तर त्यांनी डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट पकडली आणि डोळे मिटले. त्या दिवशी मी मोजमाप काढलं तर पहिल्या दिवसापेक्षा हात कमी उघडत होता. नंतर वाचनात आलं की नेदरलँड्समध्ये डिएर्क्स आणि स्टीव्हन्स या दोघांनी २००४ मध्ये ७७ पेशंटचा अभ्यास छापला होता: एका गटाला जोरदार, वेदनेपलीकडे नेणारी फिजिओथेरपी, दुसऱ्याला फक्त आधार, माहिती आणि वेदनेच्या आतले हलके व्यायाम. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटात ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ नॉर्मल झाला होता, जोरदार गटात ६३ टक्क्यांचा. काकूंनी टेबलाची कड पकडून मला आधीच सांगितलं होतं.

तर मग आत्ता काय करायचं?

पहिलं, रात्र सुधारायची. झोप झाली नाही की दुखणं सहन होत नाही, आणि साखरही वर राहते. आईंनी पाठीवर किंवा डाव्या कुशीवर झोपायचं. पाठीवर झोपल्यावर उजवा कोपर गादीत मागे पडतो आणि खांद्याचा पुढचा भाग ताणला जातो, म्हणून दंडाखाली आणि कोपराखाली घडी घातलेली चादर किंवा पातळ उशी ठेवा. कोपर छातीच्या पातळीला आला पाहिजे. डाव्या कुशीवर असतील तर छातीशी एक जाड उशी, आणि उजवा हात तिच्यावर. हे एवढं करून पहिल्याच आठवड्यात दोन तास जास्त झोप लागली, असं सांगणारे पेशंट मला भरपूर भेटलेत. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पण मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी असू शकते, म्हणून पिशवी आधी तुमच्या स्वतःच्या हातावर ठेवून बघा आणि मधे टॉवेल घाला. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहात मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागतं, औषधांच्या दुकानातून परस्पर आणून महिनाभर खायच्या नाहीत.

दुसरं, इंजेक्शन. इंजेक्शन मी देत नाही, त्यामुळे त्यात माझा काही स्वार्थ नाही, पण आईंच्या या टप्प्यात मी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्यासाठी नक्की पाठवलं असतं. सांध्याच्या आत दिलेलं स्टेरॉइड सूज उतरवतं, आणि पहिल्या टप्प्यातच त्याचा सगळ्यात जास्त उपयोग असतो. खांदा जाम होऊन वर्ष झाल्यावर, ठणका संपल्यावर ते देण्यात फारसा अर्थ नाही. गंमत अशी की आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात: 'स्टेरॉइड नको बाई' म्हणत सहा-आठ महिने सोसतात, आणि मग शेवटचा उपाय म्हणून घेतात. एक-दोन इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होत नाहीत, सवय लागत नाही. त्याचा आराम काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो, कायमचा नाही. पण तेवढ्या खिडकीत झोप येते आणि व्यायाम करता येतो, तेच खरं कमावायचं असतं. मधुमेहात एक गोष्ट मात्र होणारच: इंजेक्शननंतर त्याच दिवसापासून साखर वाढते आणि दोन-पाच दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. म्हणून आधी साखरेच्या डॉक्टरांना कळवा, घरी ग्लुकोमीटर ठेवा, त्या आठवड्यात दिवसातून तीन-चारदा तपासा. साखर आधीच तीनशेच्या घरात असेल तर आधी ती आवरा, मग इंजेक्शन. आणि सोनोग्राफीवर बघून सुई सांध्यात नेमकी टोचणारे डॉक्टर जवळपास असतील तर त्यांना पसंती द्या.

तिसरं, व्यायाम. दिवसातून एकदा तासभर नाही. चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. शाळेच्या मधल्या सुट्टीतही होतील इतके साधे. एक, टेबलावर डावा हात टेकून कमरेत वाकायचं, उजवा हात लोंबता सोडायचा आणि अंग किंचित झुलवून तो हात घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, मग छोट्या गोलात फिरू द्यायचा. याला अजून कॉडमनचाच व्यायाम म्हणतात. यात सगळे एकच चूक करतात: हाताने हात फिरवतात. हात ओला टॉवेल आहे असं समजायचं. झुलायचं ते कमरेने. दोन, जेवणाच्या टेबलासमोर बसून दोन्ही तळव्यांखाली फडकं घेऊन ते पुढे सरकवत न्यायचं, सोबत छातीही पुढे झुकवायची. हाताचं वजन टेबलावर असल्याने हा व्यायाम जवळजवळ न दुखता होतो, आणि खांदा नव्वद अंशांच्या वर जातोय हे पेशंटच्या लक्षातही येत नाही. तीन, मघाचंच कवाड, पण काठी घेऊन: पाठीवर झोपायचं, उजव्या दंडाखाली घडी केलेला टॉवेल, कोपर काटकोनात, दोन्ही हातांत काठी किंवा लाटणं आडवं धरायचं आणि डाव्या हाताने उजव्याला हळू बाहेर ढकलायचं. ताण जाणवला की तिथे पाच सेकंद, परत. दहा वेळा.

किती दुखलं तर चालेल? मी दहापैकी तीन-चार सांगते, पण खरी कसोटी नंतरची: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात दुखणं पूर्वीइतकं खाली यायला हवं. रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी व्यायाम बंद नाही, निम्मा. आणि आरशासमोर बघा, हात वर नेताना खांदा कानाकडे उचकटतो का. आईंचा नक्की उचकटत असणार. सांधा हलत नाही म्हणून फऱ्याचं हाड त्याचं काम करतं, आणि मग मान आणि पाठीचा वरचा भाग भरून येतो. अर्धे पेशंट खांद्याऐवजी मानेच्या पट्ट्यावर पैसे घालवतात ते यामुळे. हात कमी वर गेला तरी चालेल, खांदा खाली राहायला हवा.

हात गळ्यात अडकवून ठेवू नका. स्लिंग हा फ्रोजन शोल्डरचा शत्रू. पोळ्या लाटणं, भांडी आवरणं, वहीत लिहिणं, हे सगळं खांद्याच्या खालच्या पातळीवरचं काम चालू ठेवायचं. टाळायचं ते झटक्याचं: चालत्या बसचा वरचा दांडा धरणं, बादली उचलून फेकणं, किक मारताना हँडल आवळणं. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. ब्लाउज काही महिने पुढून हुकांचे शिवून घ्या. आईंच्या रोज सकाळच्या पाच मिनिटांच्या यातना त्याने वाचतील. फळ्यावर लिहायला मुलांना बोलवा. मुलांना ते आवडतंच.

बसल्या जागचा ठणका गेला, रात्री सलग झोप लागायला लागली, की मग उपचाराचा सूर बदलतो. इथे मी हात लावते, आणि इथे थोडा जोर चालतो. सांध्याच्या गोळ्याला खोबणीत मागे आणि खाली सरकवणारे छोटे छोटे दाब देतो, त्याला आम्ही मोबिलायझेशन म्हणतो. हात वर ढकलण्यापेक्षा हे वेगळं: हात वर ढकलताना तुम्ही लांब तरफेने पिशवी फाडायला बघता, इथे पिशवी आतून ताणता. ताण पाच सेकंदांऐवजी तीस सेकंद, एक मिनिट, कारण कडक झालेलं कोलॅजन झटक्याला दाद देत नाही, सावकाश, धरून ठेवलेल्या ताणाला देतं. घरी दाराच्या चौकटीला तळवा टेकवून अंग दुसरीकडे वळवायचं, भिंतीवर बोटांनी चढायचं, दारावर कप्पी लावून डाव्या हाताने उजवा ओढायचा. पाठीमागे टॉवेल धरून हात वर सरकवणं सगळ्यात शेवटी घ्या. प्रत्येक बाईला आधी तेच हवं असतं, कारण हुक आणि वेणी, आणि नेमकी तीच हालचाल सगळ्यात उशिरा परत येते. तिच्यावर आधी जोर लावला की बाकीचंही बिघडतं.

भूल देऊन खांदा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून पिशवी कापणं, हे आज नको. पहिल्या टप्प्यात, सूज असताना केलं तर पुन्हा आखडायची भीती असते, आणि मधुमेहींमध्ये तर ती जास्तच. हे उपाय वाईट आहेत असं नाही. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: इंजेक्शनसह लवकर सुरू केलेली नेटकी फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणं, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया, असे तीन गट. वर्षाअखेरीस तिन्ही गटांत लोक सुधारले होते, आणि कुठलाही एक गट बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वरचढ नव्हता. याचा मी लावलेला अर्थ असा की सगळ्यात कमी धोक्याचं आधी करा. इंजेक्शन आणि नीट केलेल्या व्यायामाला सहा महिने देऊनही खांदा तसूभर हलला नाही, आणि त्यामुळे नोकरी-घर अडत असेल, तर जरूर करा. पण करायचं ठरलं तर एक पक्कं विचारून घ्या: दुसऱ्या दिवसापासून रोज फिजिओथेरपीला कोण नेणार? भूल दिलेली असताना हात कानाला लागला, आणि नंतर दोन आठवडे गळ्यात बांधून ठेवला, की पैसे पाण्यात. सलाइनच्या दाबाने पिशवी फुगवून ढिली करायचा एक मधला मार्गही आहे, हायड्रोडायलेटेशन. इंजेक्शनसारखाच, भूल न देता होतो. इंजेक्शनचा पहिला आराम ओसरला तर त्याबद्दल विचारून बघा.

तेलाचं मालीश? महानारायण तेलाने हलक्या हाताने मान-दंड चोळले तर स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, काही बिघडत नाही. पिशवी त्याने ढिली होत नाही, एवढं लक्षात असू द्या. अल्ट्रासाउंडचं यंत्र खांद्यावर फिरवत पंधरा बैठकांचं पॅकेज कुणी सांगितलं तर मी तिथे जाणार नाही. चुंबकी पट्टे आणि रंगीत चिकटपट्ट्यांबद्दल लिहायला जागा घालवत नाही.

साखर मात्र यातलीच बाब समजा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, किती आहे ते विचारायला तुम्ही विसरलात आणि मला तेच आधी हवं होतं. नऊ-दहावर असेल तर खांद्याआधी तिकडे बघा. थायरॉइडची तपासणी दोन वर्षांत झाली नसेल तर तीही करून घ्या.

आणि काही गोष्टींत वाट बघायची नाही. वजन उतरतंय, संध्याकाळी अंगात कसकस, आणि खांद्याचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका वाळलाय, असं असेल तर खांद्याच्या क्षयाचा विचार व्हायला हवा. खांद्यात क्षयाचा एक कोरडा प्रकार असतो, त्यात पू होत नाही, गाठ दिसत नाही, आणि तो फ्रोजन शोल्डर म्हणून महिनोन् महिने शेकला जातो. मी २४ वर्षांत असे तीन बघितलेत; तिघेही व्यायामाने बरे होत नव्हते आणि तिघांचेही नवे एक्स-रे कुणी काढले नव्हते. कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या घेऊन उतरत असेल तर मान तपासा. खांदा लाल, गरम आणि ताप, तर त्याच दिवशी दवाखान्यात, विशेषतः इंजेक्शननंतर असं झालं तर. आणि जिना चढताना हाताला किंवा खांद्याला कळ येते व थांबल्यावर जाते, असं आई कधी म्हणाल्या तर खांदा विसरा, ईसीजी काढा. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाचं दुखणं असं येऊ शकतं.

कधी बरं होणार? पाच महिने झालेत. माझा अंदाज, अजून दोन-तीन महिन्यांत ठणका जाईल, इंजेक्शन घेतलं तर आधीच. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणं त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी. हुक आणि वेणी, वर्ष ते दीड वर्ष. मधुमेह असल्याने शेवटचे दहा-पंधरा अंश परत न येण्याची शक्यता आहे, आणि ते नसले तरी रोजच्या कामात आईंच्या लक्षात येणार नाही. त्याच खांद्याला हे पुन्हा क्वचितच होतं. डाव्याला मात्र पुढच्या काही वर्षांत होऊ शकतं. तसं झालं तर पाच महिने थांबायचं नाही, पहिल्या तीन आठवड्यांत दाखवायचं.

एक काम आजच करा. घरातल्या एखाद्या भिंतीकडे आईंना तोंड करून उभं करा, बोटं चढवत उजवा हात जिथपर्यंत जातो तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला, शेक घेण्याआधी. रोज मोजू नका, रोज मोजलं की निराशा येते. लागोपाठ तीन रेघा एकाच जागी पडल्या, किंवा नवी रेघ जुनीच्या खाली गेली, तर कुणालातरी पुन्हा दाखवायची वेळ झाली.